आधी वास गेला

अढीतले कोणते आंबे तयार झाले, हे ओळखायला अण्णांना फळाला हात लावावा लागत नसे. पेंढ्याचा वरचा थर अलगद बाजूला सारायचा, किंचित वाकायचे आणि कोणत्या कोपऱ्यातले फळ आज काढायचे, कोणते आणखी दोन दिवस राहू द्यायचे, हे ते केवळ वासावरून सांगत. देवगड तालुक्यातील आमच्या घराच्या मागच्या पडवीत एप्रिल-मे महिन्यांत पाय ठेवायला जागा नसे, आणि त्या दाटीत आम्हा मुलांना एकच गोष्ट सक्त मना होती : आंबा दाबून बघायचा नाही. दाबलेल्या आंब्याला आतून डाग पडतो. त्यामुळे २००८ सालच्या हंगामात अण्णा स्वतःच अढीतला एकेक आंबा उचलून अंगठ्याने दाबून पाहू लागले, तेव्हा आई काही बोलली नाही, पण ते तिच्या लक्षात राहिले. त्यांना सर्दी झाली असेल, तपकिरीने नाक बधिर झाले असेल, असे आम्ही धरून चाललो. पुढे आठ वर्षांनी, २०१६ मध्ये, करूळ घाट चढून आम्ही कोल्हापूरला एका मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो, तेव्हा त्यांनी थरथरणाऱ्या हाताकडे पाहून झाल्यावर विचारले, “यांना वास कधीपासून येत नाही?” आईने माझ्याकडे पाहिले. ही गोष्ट त्यांना आमच्यापैकी कोणीच सांगितलेली नव्हती.

अण्णांना पार्किन्सन्सचा आजार आहे. आपल्याकडे त्याला कंपवात म्हणतात. हे नाव जुने आहे आणि चुकीचेही नाही, पण मला वाटते की या नावानेच आमची दिशाभूल केली. कंप दिसत नव्हता तोवर आजाराची शंकासुद्धा कोणाच्या मनात आली नाही, आणि कंप दिसू लागला तेव्हा आजार घरात येऊन बरीच वर्षे झाली होती. काही रुग्णांना तर कंप कधीच येत नाही. आजाराचा गाभा कंपात नाही, मंदावण्यात आहे. हालचाल सुरू व्हायला वेळ लागतो, ती लहान होत जाते आणि मध्येच विरते. डॉक्टर निदान करताना प्रथम हेच शोधतात, आणि त्याच्या जोडीला कंप किंवा स्नायूंचा ताठरपणा आहे का, ते पाहतात.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली या आजारावर एक लहानसा निबंध लिहिला. त्यात केवळ सहा रुग्ण आहेत आणि त्यांतले काही तर त्यांनी रस्त्यावरून जाताना पाहिलेले. स्वस्थ असलेल्या हाताचा कंप, पुढे वाकलेले अंग, चालता चालता आपोआप धावल्यासारखी होणारी घाईची पावले, हे सारे त्यांनी इतके नेमके टिपले की दोनशे वर्षांनंतरही ते वर्णन अण्णांना लागू पडते. पुढे फ्रान्समधील शार्को यांनी या आजाराला पार्किन्सन यांचे नाव दिले. मात्र इंद्रिये आणि बुद्धी यांना या आजारात धक्का लागत नाही, अशी पार्किन्सन यांची समजूत होती, आणि तेवढ्यापुरते त्यांचे म्हणणे पुढे टिकले नाही. घ्राणशक्ती बहुतेक रुग्णांत कमी होते, आणि अनेकांत ती कंपाच्या कित्येक वर्षे आधीच गेलेली असते. आमच्या अढीत नेमके तेच घडले होते.

वासाच्या पाठोपाठ झोप बिघडली. अण्णा झोपेत ओरडू लागले, लाथा झाडू लागले. एका रात्री त्यांचा हात आईच्या कपाळावर इतक्या जोराने बसला की सकाळी तिचा डोळा सुजला होता. कोणीतरी कुंपण तोडून बागेत शिरले आहे आणि आपण त्याला हाकलत आहोत, असे स्वप्न त्यांना पडले होते. आईने आपली खाट माजघरात हलवली. वाडीतल्या जाणत्या माणसांच्या सांगण्यावरून देवळात गाऱ्हाणे घातले. त्यात मला गैर काही वाटत नाही, कारण तिला त्या वेळी जो आधार ठाऊक होता, तो तिने घेतला. स्वप्नाच्या झोपेत मेंदूचा खालचा भाग, म्हणजे मस्तिष्कस्तंभ, हातापायांच्या स्नायूंना निश्चल करून ठेवतो. ही व्यवस्था बिघडली की माणूस स्वप्न नुसते पाहत नाही, तर ते अंगाने करू लागतो. ज्यांना हा त्रास असतो त्यांच्यापैकी पुष्कळांना पुढे काही वर्षांत पार्किन्सन्स किंवा त्याच्या जवळचा एखादा आजार होतो. बद्धकोष्ठाचेही तसेच. अण्णांची ती तक्रार जुनी होती आणि वयाच्या खाती जमा झाली होती. हायको ब्राक या जर्मन शास्त्रज्ञांनी २००३ साली असे मांडले की अनेक रुग्णांत हा आजार वासाच्या केंद्रात आणि मस्तिष्कस्तंभाच्या तळाशी, आतड्यांशी जोडलेल्या नसांच्या मुळाशी सुरू होतो आणि मग वर चढत जातो. ही मांडणी प्रत्येक रुग्णाला लागू पडत नाही. आमच्या घरातला क्रम मात्र तिच्याशी जुळतो.

मग उजवा खांदा दुखू लागला. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांनी खांदा आखडल्याचे सांगितले. वर्षभर शेक, मालिश आणि व्यायाम झाले, पण खांदा मोकळा झाला नाही. त्यांच्यावर मी दोष ठेवत नाही, कारण एका बाजूचा खांदा आखडणे ही या आजाराची नेहमीच चकवणारी सुरुवात आहे. पण चालताना अण्णांचा डावा हात पुढेमागे झुलत होता आणि उजवा पोटाशी धरल्यासारखा नुसता राहत होता, हे त्या वर्षातल्या एका लग्नाच्या चित्रफितीत आज स्पष्ट दिसते. ती चित्रफीत आम्ही कितीदा तरी पाहिली होती. आजार बहुधा एकाच बाजूने सुरू होतो आणि दुसरी बाजू धरली तरी पहिल्या बाजूला अधिक जाणवतो.

सर्वांत स्पष्ट पुरावा मात्र आमच्या कपाटात होता. अण्णा दर हंगामात आंब्याच्या पेट्यांचा हिशेब एका लांब वहीत लिहितात. तारीख, कलमाची जागा, किती डझनी पेटी, कोणाला पाठवली, भाडे किती. निदानानंतर मी त्या वह्या काढून ओळीने मांडल्या. २००५ च्या वहीत अक्षर टपोरे, शिरोरेघ दमदार, प्रत्येक ‘पेटी’ची वेलांटी वर जाऊन ऐटीत वळलेली. २०१२ मध्ये ओळीची सुरुवात पूर्वीसारखीच आहे, पण ‘मुंबई’ हा शब्द येईपर्यंत अक्षर निम्मे झालेले. २०१५ च्या वहीत ओळीचा शेवट मुंग्यांच्या रांगेसारखा दिसतो, आणि रांग डावीकडून उजवीकडे जाताना हळूहळू वर चढते. आईचे म्हणणे होते की चश्मा बदलायला हवा. अक्षर असे बारीक होत जाणे, तेही लिहिता लिहिता, हे या आजाराचे ओळखीचे लक्षण आहे. शब्द आठवत नाहीत असे नाही, नजरही चांगली असते, पण हाताची प्रत्येक पुढची हालचाल मागच्यापेक्षा थोडी लहान होते. बटणे लावणे, अडकित्त्याने सुपारी कातरणे, भात कालवणे, या सर्वांत तेच होते. फक्त तिथे वही नसते, म्हणून दिसत नाही.

आणि चेहरा. याविषयी लिहिताना मला अजून जड जाते. माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरले तेव्हा अण्णा सर्व बैठकींना निर्विकार बसून राहिले. हसले नाहीत, डोळे एकटक, पापण्यासुद्धा क्वचित लवत. सासरच्या मंडळींना वाटले, यांना हे स्थळ पसंत नाही. बहिणीलाही तसेच वाटले, आणि तिने ते पुष्कळ दिवस मनात ठेवले. मीसुद्धा एकदा त्यांना म्हटले, “अण्णा, निदान आज तरी तोंड हसरे ठेवा.” त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि इतक्या हळू आवाजात काही म्हटले की मला ते ऐकूच आले नाही. चेहऱ्याचे स्नायूही या आजारात ताठरतात आणि मंदावतात. आत आनंद असतो, तो चेहऱ्यावर पोहोचत नाही. आवाजाचेही तेच. बागेच्या या टोकावरून त्या टोकाला कुकारा घालणारा माणूस जेवणाच्या पाटावरून मीठ मागतो ते शेजारच्याला ऐकू येत नाही, आणि स्वतः त्याला मात्र आपण नेहमीसारखेच बोलत आहोत असे वाटत असते. आम्ही रागावलो, ओरडलो, “जरा मोठ्याने बोला ना” म्हणालो. त्यांचा घुमेपणा, आळस, हट्ट म्हणून आम्ही ज्याची नोंद केली, त्यातला बराचसा भाग आजार होता. उदासीनतासुद्धा आजाराचा परिणाम म्हणून येते असे नाही, ती आजाराचाच भाग असते, कारण मनःस्थिती सांभाळणारी रसायनेही यात कमी होतात.

शेवटी कंप ओळखला तो घरातल्या कोणी नव्हे. आमच्याकडे वर्षानुवर्षे घळ घेऊन आंबे उतरवणारा गडी दुपारी पडवीत बसला होता. अण्णा समोर खुर्चीत, उजवा हात मांडीवर. तो म्हणाला, “अण्णांनू, हात कित्याक थरथरता तुमचो?” अंगठा तर्जनीवर घासत होता, जणू बोटांच्या मध्ये एखादी गोळी वळली जात आहे. या आजाराचा कंप बहुधा असाच असतो, सेकंदाला ४ ते ६ आवर्तनांचा, आणि तो हात स्वस्थ असताना येतो. अण्णांनी पाण्याचा तांब्या उचलला की तो थांबे. म्हातारपणी पुष्कळांचा हात कप उचलताना, सही करताना थरथरतो, तो प्रकार बहुधा वेगळा असतो. हा फरक घरच्या माणसांना माहीत असेल तर पुष्कळ धावपळ योग्य दिशेने होईल.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून निदान केले नाही, कारण नेहमीच्या रक्ततपासणीत हा आजार दिसत नाही. मेंदूचा एमआरआय केला तो दुसरे काही नाही ना, हे पाहण्यासाठी. पण त्याआधी त्यांनी चालू असलेल्या सर्व गोळ्या टेबलावर मांडायला सांगितल्या. चक्कर येते म्हणून दिली जाणारी सिनारिझिन, उलटी थांबवणारी मेटोक्लोप्रमाइड, मानसिक आजारावरील काही औषधे यांमुळेही हुबेहूब अशीच लक्षणे दिसू शकतात, आणि ती औषधे थांबवल्यावर बहुतेक वेळा ओसरतात. अण्णांच्या पिशवीत त्यांतले काही नव्हते. मग त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भरभर आपटायला सांगितले. पाच-सहा वेळा बोटे नीट उघडली, मग अंतर कमी होत गेले आणि शेवटी बोटे जवळजवळ चिकटली. वहीतली ओळच हवेत लिहिली जात आहे, असे मला वाटले. मनगट धरून हात फिरवताना तो दातेरी चाकासारखा थांबत थांबत वळत होता.

मेंदूच्या मध्यभागी, मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या टोकाला, पेशींचा एक लहानसा काळसर पट्टा असतो. लॅटिनमध्ये त्याला सबस्टॅन्शिया नायग्रा, म्हणजे काळा पदार्थ, असेच नाव आहे. तिथल्या पेशी डोपामाइन हे रसायन तयार करतात, आणि हालचालीचा आकार, वेग आणि सुरुवात ज्या केंद्रांच्या हाती असते त्यांना ते पुरवतात. या आजारात त्या पेशी मरत जातात आणि तो काळा पट्टा फिका पडतो. हालचालीतली लक्षणे दिसू लागेपर्यंत त्यांतल्या साधारण निम्म्या पेशी गेलेल्या असतात. मेंदूची सोय अशी की उरलेल्या पेशी बराच काळ जास्त काम करून उणीव भरून काढतात, आणि त्यामुळेच नासधूस उशिरा उघडी पडते. मरणाऱ्या पेशींत काही गोल पुंजके दिसतात. फ्रिड्रिश लेवी यांनी ते १९१२ साली प्रथम वर्णिले. अल्फा-सिन्युक्लीन नावाचे एक प्रथिन चुकीच्या घडीत दुमडून साठते, त्याचे हे पुंजके असतात, हे मात्र १९९७ नंतर कळले.

हे सगळे ऐकल्यावर आईने विचारले, “पण हे कशामुळे झाले?”

हा प्रश्न आमच्या घरात आजही संपलेला नाही. अण्णा वयाच्या विसाव्या वर्षापासून कलमांवर फवारणी करत आले. मोहोरावर तुडतुडा आणि भुरी आली की पंप पाठीवर, तोंडाला पंचा बांधलेला, आणि फवाऱ्याचे तुषार अंगावर. बागेतल्या गवतावर तणनाशके मारली ती उघड्या हातांनी. कीटकनाशकांशी दीर्घकाळ संबंध आलेल्यांत या आजाराचा धोका वाढलेला अनेक अभ्यासांत आढळतो, आणि पॅराक्वॉट व रोटेनोन या दोन रसायनांची नावे त्यात वारंवार येतात. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण मुले काही दिवसांतच पुतळ्यासारखी निश्चल झाली. घरगुती रीतीने बनवलेल्या एका मादक द्रव्यात एमपीटीपी नावाचे रसायन तयार झाले होते आणि त्याने नेमक्या त्याच काळ्या पेशी मारल्या होत्या. शरीरात त्या रसायनाचे जे रूप होते, त्याची रचना पॅराक्वॉटशी मिळतीजुळती आहे. बाहेरचे विष हा आजार घडवू शकते, हे त्या मुलांच्या रूपाने जगासमोर आले.

तरीही अण्णांच्या बाबतीत फवारणीच कारण झाली, असे डॉक्टर म्हणाले नाहीत, आणि मला त्यांचा हा प्रामाणिकपणा आवडला. आमच्याच वाडीत तेवढीच फवारणी केलेली माणसे ऐंशीच्या घरात ताठ चालत आहेत. वय हे या आजाराचे सर्वांत मोठे कारण, आणि बहुतेकांना तो साठीच्या आसपास किंवा नंतर होतो. स्त्रियांपेक्षा पुरुषांत तो अधिक दिसतो. एलआरआरके-२, पार्किन, जीबीए अशा काही जनुकांतील बदल धोका वाढवतात, पण बहुसंख्य रुग्णांच्या घराण्यात आधी कोणाला हा आजार झालेला नसतो. डोक्याला बसलेला जबर मारही कारणांच्या यादीत आहे, आणि तरुणपणी कलमावरून पडलेला नाही असा बागायतदार आमच्याकडे शोधावा लागेल. अनेक धाग्यांची ही गाठ आहे आणि एकेका माणसात कोणता धागा किती ओढला गेला, ते सुटे करता येत नाही. आईला हे उत्तर पुरत नाही. मला मात्र त्यातून एक करता आले : आता बागेत फवारणी करणाऱ्याने हातमोजे, मुखपट्टी आणि पूर्ण अंगभर कपडे घातल्याशिवाय पंप उचलायचा नाही, आणि यावरून मी भांडणेही केली आहेत.

औषध आहे. आजार त्याने थांबत नाही, पण दिवस चालतो. १९५० च्या दशकात स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी मेंदूतील डोपामाइनचे महत्त्व दाखवले, १९६० च्या दशकात लेव्होडोपा रुग्णांना देणे सुरू झाले, आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळाले. डोपामाइन थेट दिले तर ते मेंदूत शिरत नाही, त्याचे कच्चे रूप असलेले लेव्होडोपा शिरते. गंमत अशी की हेच द्रव्य आमच्या गडग्यांवर पावसाळ्यानंतर वाढणाऱ्या खाजकुइलीच्या बियांत असते. १९३७ साली मद्रासच्या संशोधकांनी ते त्या बियांतून वेगळे काढले होते, आणि आयुर्वेदात कपिकच्छू म्हणून ती बी कितीतरी आधीपासून वापरात आहे. साहजिकच शेजारच्या काकांनी चूर्ण आणून दिले. डॉक्टरांनी त्याला नावे ठेवली नाहीत. त्यात औषध खरोखरच आहे, म्हणूनच किती आहे ते माहीत नसताना गोळीच्या जोडीला घेऊ नका, एवढेच सांगितले.

गोळीची वेळ मात्र आमच्या ताटाशी भांडू लागली. दुपारी बांगड्याचे तिखले आणि भात जेवून अण्णा गोळी घेत आणि तास गेला तरी हात सुटा होत नसे. लेव्होडोपा आणि माशांतली प्रथिने पचून तयार होणारी अमिनो आम्ले, दोघांनाही आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला एकच दार, आणि गर्दीत गोळी मागे राहते. आता गोळी जेवणाच्या पाऊण तास आधी आणि मासळी बहुधा रात्री. पहिली काही वर्षे गोळीचा असर दिवसभर सलग वाटे. आता पुढच्या गोळीची वेळ जवळ आली की पाय जड होतात, आणि असर ऐन भरात असताना मान आणि खांदा नको तितके डुलतात. लोक त्या डुलण्यालाच आजार समजतात.

चालताना त्यांचे पाय थिजतात ते उंबरठ्यावर. माजघरातून ओटीवर येताना पावले जमिनीला चिकटल्यासारखी होतात, वरचे अंग पुढे जाते, आणि पडण्याची भीती खरी असते. पण घरापासून वाडीच्या देवळाकडे उतरणारी जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी ते एकेक पायरी मोजत विनासायास उतरतात. प्रथम मला हे नाटक वाटले, हे कबूल करते. समोर दिसणारी प्रत्येक पायरी पाऊल कुठे टाकायचे ते डोळ्यांना सांगते, आणि आपोआप होणाऱ्या चालीची बिघडलेली वाट टाळून मेंदू दुसऱ्या वाटेने काम काढून घेतो. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंच्या सांगण्यावरून आम्ही उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना फरशीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या. तरीही पाय थिजले तर अण्णा पेटीत आंबे भरताना मोजत तसे मोठ्याने मोजतात : “दोन, चार, सहा.” सहाला पाऊल उचलले जाते.

वही त्यांनी सोडलेली नाही. आता मी त्यांना पहिलीच्या मुलांची दुरेघी वही आणून देते, कारण दोन रेघांमध्ये अक्षर भरायचे ठरवले की ते मोठे राहते. गेल्या हंगामात एका संध्याकाळी मी त्यांच्याशेजारी बसले होते. पहिल्या ओळीत अक्षर वरच्या रेघेला टेकले होते, दुसऱ्या ओळीत ‘पाच डझनी’पर्यंत टिकले, मग खाली बसू लागले. अण्णा थांबले. पेन खाली ठेवले, उजवा हात डाव्या हाताने दाबून धरला, आणि थोड्या वेळाने पुन्हा पेन उचलून तोच शब्द पुढच्या ओळीवर नव्याने, दोन रेघांच्या मापाने, लिहिला.